बडोद्याच्या मराठीतले ‘कोतर’

पुण्याहून नवी सून आली की बडोद्याच्या मराठीतल्या दोन-चार शब्दांपाशी ती अडखळतेच. आमच्याकडे ती ‘कोतर’पाशी अडखळली. “कोतराकडे जाऊ नका रे, मगर असते,” असे माझी आई मुलांना सांगत होती. “कोतर म्हणजे दरी का हो, आजी?” सुनेने विचारले. आई म्हणाली, “दरी कसली? कोतर ते कोतरच.”

तेव्हा आम्ही हसलो. पण आईचे बरोबर होते. दरी म्हटली की दोन बाजूंना डोंगर आले. खिंडीतून वाट जाते. घळ ही कातळातली. शिवथरघळ पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. या सर्व शब्दांच्या पाठीशी सह्याद्री उभा आहे. कोतराला डोंगर लागत नाही. ते सपाट रानात, निव्वळ मातीत पडते. महीकाठी वासदच्या बाजूला शेतातून चालत जावे, तर दहा पावलांवर येईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. आणि मग एकदम पायाखाली खोल, उभ्या भिंतींची, फाटे फुटत गेलेली पोकळी.

ती जमीन नदीने आणलेल्या गाळाची आहे, आणि काठ पुष्कळ उंच. पावसाचे पाणी शेतातून नदीकडे ओसरताना काठावर एक चर पाडते. पुढच्या पावसात पाणी त्या चराच्या माथ्यावरून खाली कोसळते, तळची माती निघून जाते, वरचा कडा ढासळतो आणि चर मागे सरकतो. म्हणजे कोतर नदीपासून निघून शेताकडे वाढते. पाणी वाहते एका दिशेला, कोतर चालते उलट दिशेला! गुजरातीत ‘कोतरवुं’ म्हणजे कोरणे, ‘कोतरणी’ म्हणजे कोरीवकाम. शब्दातच सारी प्रक्रिया सांगितलेली आहे. ग्वाल्हेरची मंडळी चंबळकाठच्या अशाच जमिनीला ‘बीहड’ म्हणतात. त्यांच्या शब्दाला दरोडेखोरांचे भय चिकटले, आमच्या शब्दाला मगरींचे.

कारण आमची कोतरे शहरातही आहेत. पावागडाकडून येणारी विश्वामित्री बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते, आणि तिच्या काठची कोतरे पुराच्या वेळी तिचे पाणी पोटात घेतात. नदी फुगली की पाणी आधी तिथे शिरते, पसरते. पूर उतरला की हळूहळू परत येते. नदीच्या अंगणासारखीच ती जागा. पण त्याच जागेला ‘खड्डा’ किंवा ‘पडीक जमीन’ म्हटले की ती भरून टाकण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आमच्या वसाहतीमागचे कोतर असेच बुजले. काही वर्षे ट्रकांनी राडारोडा येत राहिला, मग सपाटी, मग दुकाने. आम्हीही तेव्हा डास कमी होतील म्हणून खूषच होतो, हे कबूल केले पाहिजे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते.

आई आता नाही. सून मात्र अजून किराणा आणायला ‘कोतरावरच्या दुकानात’ जाते, आणि तिची मुलगी विचारते, “आई, तिथे कोतर कुठे आहे?”