चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य, प्रश्नांवरून 'हेरेम' : वाळीत टाकले जाते म्हणजे नेमके काय होते?

करमाड : गावकी, भावकी, जातपंचायत हे शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. एखाद्या घराशी बोलायचे नाही, त्यांच्या लग्नाला जायचे नाही, मयतीला खांदा द्यायचा नाही, असा 'ठराव' झाला की त्या घराचे काय होते, हे पारावर बसणाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण हे हत्यार फक्त आपल्या गावांचे नाही. जगातला एक मोठा तत्त्वज्ञही त्याच्या तडाख्यातून सुटला नव्हता.

कोण होता स्पिनोझा?

२७ जुलै १६५६. ॲमस्टरडॅममधील ज्यू समाजाच्या पुढाऱ्यांनी बारूख स्पिनोझा या २३ वर्षांच्या तरुणावर 'हेरेम' म्हणजे बहिष्कार पुकारला. त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्यासोबत एका छपराखाली राहायचे नाही, त्याच्यापासून चार हातांच्या आत जायचे नाही, त्याने लिहिलेले वाचायचे नाही. गंमत म्हणजे त्याने नेमके कोणते मत मांडले, याचा या फर्मानात खुलासाच नाही. हे पुढारी स्वतः पोर्तुगालमधील धार्मिक छळातून पळून आलेल्या कुटुंबांतले होते, हे विशेष.

त्याची मते पुढे त्याच्या ग्रंथांतून समोर आली. देव आणि निसर्ग वेगळे नाहीत, निसर्गाचे नियम मोडणारे चमत्कार घडत नाहीत, धर्मग्रंथही इतर ग्रंथांप्रमाणे तपासून वाचावेत. १६७० मध्ये त्याने आपले पुस्तक नाव न देता छापले, तरी १६७४ मध्ये त्यावर हॉलंडमध्ये बंदी आली. तो भिंगे घासून पोट भरत राहिला. हायडेलबर्ग विद्यापीठाची प्राध्यापकी त्याने १६७३ मध्ये नाकारली. १६७७ मध्ये तो गेला. 'एथिक्स' हा त्याचा मुख्य ग्रंथ त्यानंतर छापून आला. माफी मात्र त्याने कधी मागितली नाही.

आणि पुण्यात?

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचार म्हणून पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी ही हजेरी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि सनातनी मंडळींनी ग्रामण्य उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली.

वरवर पाहता हा एका पेल्याचा वाद. पण बहिष्कार लागला की श्राद्धाला भटजी येत नाही, मुलीचे लग्न अडते, नातेवाईक उंबरठा ओलांडत नाहीत. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. मित्रांच्या अडचणीपोटी घेतले, असे सांगितले जाते. त्यावरून सुधारकांनीच त्यांना धारेवर धरले. स्पिनोझाला ना बायको होती ना लेकरे. रानड्यांसमोर गोतावळा होता. ही तुलना करताना एवढे तरी ध्यानात ठेवायला हवे.

याच पुण्यात बुद्धिप्रामाण्यवादी गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच काढली गेली. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, म्हणजे 'हेरेम'नंतर जवळपास बरोबर दोनशे वर्षांनी.

आज कायदा काय सांगतो?

मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्कृतीविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. धर्म सांभाळण्यासाठी बहिष्कृत करणे हा धर्माचाच भाग ठरू शकतो, असा बहुमताचा कौल होता. त्या निकालाचा फेरविचार अजून बाकी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आले.

दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. जातपंचायत असो की गावकीची बैठक, कुणाला वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न, अंत्यविधी, सार्वजनिक सभागृह किंवा प्रार्थनास्थळ यांपासून अडवणेही यात येते. अशा घरातील माणूस पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकतो किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. बैठकीत ठराव मांडणारा आणि त्याला चिथावणी देणारा, दोघेही कायद्याच्या कचाट्यात येतात.