सहा देश, एकच शुल्क
कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल आखाती देशांतल्या कमाईवर पेटते. पण ते देश आपसात व्यापार कसा करतात, हे आपण क्वचितच जाणून घेतो.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन यांनी १९८१ मध्ये आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. १ जानेवारी २००३ पासून त्यांनी बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर सर्वत्र सारखेच ५ टक्के आयातशुल्क ठरवले. माल दुबईत उतरो वा दम्माममध्ये, शुल्क पहिल्याच बंदरावर भरायचे. पुढच्या देशात पुन्हा भरायचे नाही, असे ठरले.

सोय मोठी होती. पण जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती आणि बहरीन यांनी कतारशी संबंध तोडले. कतारची एकमेव जमिनीवरची सीमा बंद झाली आणि दोहाच्या दुकानांत लोकांची झुंबड उडाली. मग ओमानच्या सोहार, सलाला बंदरांतून माल येऊ लागला. समेट झाला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये, अल-उला येथे.

भावांनी हिशेब एकत्र ठेवला, तरी बोलणे बंद झाले की चुली वेगळ्या होतात. देशांचेही तसेच आहे. शुल्क एक करता येते. दार उघडे ठेवायला मात्र एकमेकांवर भरवसा लागतो, असे आम्हाला वाटते.