खराटा हाती घेतलेला कीर्तनकार

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. एरवीही तिला चुकून पाय लागला तर चटकन नमस्कार करतो. पण भगिनींनो, रस्ता झाडायला येणाऱ्या बाईनं पाणी मागितलं तर? तिच्यासाठी वेगळा पेला ठेवणारी घरं अजूनही आहेत की नाहीत? खरं सांगा!

केरसुणीला मान आणि झाडणारीला नाही, ही विसंगती गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांच्या पदरात घातली. तीही ग्रंथ लिहून नव्हे, हातात खराटा घेऊन.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजातला. वडील दारूपायी गेले. आईनं लेकराला घेऊन माहेर गाठलं. डेबूजी मामाकडे दापुऱ्याला वाढला, गुरं राखली, शेतात राबला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिली. दारू, कर्ज आणि अडाणीपणा घर कसं पोखरतात, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

त्याच्या बंडाची सुरुवात तर आपल्या राज्यात, म्हणजे स्वयंपाकघरातच झाली. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू हवी, असा जातीचा रिवाज. डेबूजीनं पंगतीला गोडाधोडाचं जेवण वाढलं. जातभाई चिडले, नावं ठेवली. पण ज्या घरात बारशासाठी कर्ज काढायचं आणि पुढे त्याच लेकराच्या तोंडचा घास सावकाराला द्यायचा, तिथे ही लहान गोष्ट नव्हती. लग्नमुंजीच्या याद्या करताना ‘लोक काय म्हणतील?’ या एका वाक्यानं आपलाही खर्च किती वाढतो, ते आपलं आपल्याला ठाऊक!

१९०५ साली त्यानं घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरूनच लोक ‘गाडगेबाबा’ म्हणू लागले. गावात शिरायचं, आधी रस्ता झाडायचा, गटारं साफ करायची. काम केल्यावर भाकरी मागायची. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन.

ते कीर्तन तरी कसं? वऱ्हाडी बोली आणि समोरच्यांनाच सवाल. नवसाला बोकड कापायला देवानं सांगितलं होतं का? कर्ज काढून सण करायला कोणी सांगितलं? माणसाला शिवून विटाळ होतो तो कसा? उत्तरं लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायची. लोक हसायचे आणि हसता हसता चपापायचे. पाया पडायला कोणी वाकलं, तर बाबांना ते मुळीच खपत नसे.

मिळालेला पैसा बाबांनी दगडी मंदिरांत फारसा घातला नाही. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना उतरायला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ती पुढे बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदीलाही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली, रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. घरातलं माणूस आजारी पडलं की परगावच्या बाईचे काय हाल होतात! औषधाला पैसे पुरत नाहीत, तिथे राहायचं कुठे आणि दोन घास शिजवायचे कुठे? ही बाईमाणसाची अडचण त्या फाटक्या माणसाला कळली होती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रोगी आणि त्यांच्या घरचे उतरतात.

आता एक गोष्ट मात्र आपण बायकांनी डोळ्यांआड करू नये. बाबा घर सोडून गेले, तेव्हा मागे उरल्या त्यांची आई आणि पत्नी कुंताबाई. पदरात लहान मुलं. जनतेच्या पैशानं उभ्या राहिलेल्या संस्थांचा लाभ आपल्या नातलगांना मिळू नये, असा बाबांचा दंडक. लोकांच्या पै-पैला जपणारा हा नियम थोरच; पण त्याची झळ कुंताबाईंनाही लागली. १९२३ साली मुलगा गोविंद गेला. ही बातमी बाबांना कीर्तनातच कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. त्या वेळी आईच्या काळजात काय झालं असेल, ते तुम्हां-आम्हांला वेगळं सांगायला नको. धर्मशाळांच्या पायात जे दगड आहेत, त्यांत एक कुंताबाईंचाही आहे, असं मी तरी मानते.

बाबा सांगत, ताट मोडा, लुगडं स्वस्तातलं घ्या, पण मुलांना शिकवा. लुगड्याचा त्याग तेवढा बाईनं करायचा का, असा प्रश्न आपण आज जरूर विचारावा. ताटाचा, पानतंबाखूचा, मानपानाचा त्याग घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावा. शिकवायचं मात्र मुलालाही आणि मुलीलाही. तिथे काटकसर नको.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर बाबांनी देह ठेवला. त्यांच्या नावानं आज अमरावतीला विद्यापीठ आहे, सरकारी स्वच्छता अभियानही निघालं. तसबिरीला हार घालणं सोपं आहे. त्यापेक्षा हे करून पाहा:

घरच्या पुढल्या कार्यात पंगतीतला एक पदार्थ कमी करा आणि ते पैसे कामवालीच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना द्या. उरलेलं अन्न शिळं होण्याची वाट न पाहता ताजं असतानाच गरजूंच्या घरी पोचवा. ओळखीचं कोणी परगावाहून इस्पितळात आलं असेल, तर नुसती विचारपूस करून परतू नका. डबा न्या, त्यांचे कपडे धुऊन आणा. आणि ओला-सुका कचरा निराळा ठेवा. तो उपसणारे हातही आपल्यासारखेच हात आहेत.

एवढं जमलं, तर त्या दिवशी देवापुढे दिवा लावताना मन जरा अधिक स्वच्छ वाटेल. बघा, पटतंय का!