अंगणांतील आगगाडी



ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांत भोजनगृहाच्या मेजावर धांवणारी रुप्याची एक लहानशी आगगाडी आहे. जेवण झाल्यावर कांचेच्या सुरया व चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे, आणि कोणी सुरई उचलली कीं जागच्या जागीं उभी राही. राजेरजवाड्यांची ही हौस पाहून आपण कौतुक करतों आणि घरीं परततों. परंतु तसलीच हौस आज मध्यम स्थितींतील गृहस्थालाहि, थोड्या चिकाटीनें, आपल्या अंगणांत भागवितां येते. फरक एवढाच कीं, महाराजांची गाडी छपराखालीं, कोरड्या मेजावर धांवत होती; आपल्या गाडीची गांठ ऊन, पाऊस, माती आणि गोगलगायी यांच्याशीं आहे. हा फरक ज्यानें ओळखला नाहीं त्याची गाडी पहिल्या पावसाळ्यांतच थांबेल. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, घरांतील वीज अविचारानें ओल्या अंगणांत नेली, तर प्रश्न गाडीचा न राहतां मुलांच्या जिवाचा होतो. म्हणून गाडी केवढी असावी, ती कशावर चालावी आणि तिला शक्ति कोठून मिळावी, या तीन प्रश्नांचा आज क्रमानें विचार करूं.

प्रथम आकार. खेळण्यांतील रुळांच्या रुंदीला शिस्त लावण्याचें श्रेय जर्मनींतील मर्कलिन या कारखान्याकडे जातें. १८९१ सालीं लायप्झिगच्या व्यापारी जत्रेंत त्यानें ठराविक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली. तींतील पहिल्या क्रमांकाची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधील ४५ मिलिमीटर अंतर, बागेंतील गाड्यांत आजहि सर्वांत रूढ आहे. १९६८ सालीं लेमान या दुसऱ्या जर्मन कारखान्यानें याच रुंदीवर धांवणारी व उन्हापावसांत टिकणारी गाडी बाजारांत आणली, आणि या छंदाला पुष्कळ देशांत नवें बळ मिळालें. तिचें प्रमाण साडेबावीसास एक असें आहे. मीटरगेजचे १००० मिलिमीटर साडेबावीसांनीं भागले, तर उत्तर जवळजवळ ४५ च येतें.

दुसरी रुंदी ३२ मिलिमीटरची. इंग्लंडांत तिचा प्रसार विशेष असून तिच्यावर खऱ्या वस्तूच्या एकोणिसाव्या भागाएवढीं इंजिनें व डबे चालवितात. आतां आपल्या माथेरानची गाडी घ्या. १९०७ सालीं सुरू झालेल्या त्या मार्गाचे रूळ दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर अंतरावर आहेत. ६१० ला १९ नीं भागा; ३२ च येतात. तेव्हां ज्याला नेरळचा घाट आपल्या दारीं हवा असेल, त्यानें ही रुंदी निवडावी. मात्र सगळा घाट मागूं नये. तो मार्ग सुमारें २१ किलोमीटरांचा आहे. त्याचा एकोणिसावा भाग केला तरी अकराशें मीटर रूळ लागतील. एक स्टेशन, एक पूल आणि एक नागमोडी वळण एवढ्यावर शहाण्यानें समाधान मानावें.

याहून लहान गाड्याहि आहेत. पुण्यास १९९८ सालीं सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयांत सत्त्याऐंशीस एक या प्रमाणाच्या गाड्या चालतात, आणि त्या पाहून लहानथोरांचे डोळे निवतात. छपराखालीं तें प्रमाण शोभतें. अंगणांत मात्र तसल्या रुळावर शेवग्याची एक काटकी पडली तरी गाडी घसरेल. उघड्यावर चालावयाचें तर अंगीं थोडें वजन हवेंच.

गाडी मोठी घेतली कीं वळणहि मोठें घ्यावें लागतें. बाजारांत मिळणाऱ्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारें ६० सेंटिमीटर असते. तेवढ्यांत लहान इंजिन वळतें खरें; पण चाकांच्या कडा रुळाला घासून शक्ति फुकट जाते. निदान सव्वा मीटर त्रिज्या ठेवावी. म्हणजे वाटोळ्या मार्गाला अडीच मीटरांहून थोडी अधिक रुंदीची जागा लागते.

आतां पाया. रूळ मातीवर नुसते अंथरले तर चार दिवस बरे दिसतात. मग पाऊस येतो. देशावरची काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावरचा रूळ वर्षांतून एकदां उचलला जातो आणि एकदां खचतो. म्हणून मार्गाच्या रेषेवर वीतभर खोल चर खणावा, काळी माती काढून टाकावी आणि तींत मुरूम भरून तो पाणी मारून चांगला धुम्मस करावा. चराच्या तळाला एका बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी सांचून राहणार नाहीं. कोंकणांत जांभा दगड मुबलक. तेथें त्याचा हातभर उंच कट्टा बांधून त्यावरून मार्ग नेला तर पागोळ्यांचें पाणीहि चुकतें आणि वयस्कर माणसाला वांकावेंहि लागत नाहीं.

मुरमावर बारीक फोडलेल्या दगडाची कच दोन बोटें पसरावी आणि तींत रूळ बसवावे. नदींतील गोल वाळू येथें उपयोगी नाहीं. फोडलेल्या दगडाचे कोपरे एकमेकांत अडकतात व रूळ धरून ठेवतात. गोल कण एकमेकांवरून घरंगळतात. मोठ्या रेल्वेच्या बाजूला आपण फोडलेली खडीच पाहतों, तिचें कारण हेंच.

पुष्कळांस वाटतें कीं, रूळ सिमेंटांत पक्के करून टाकावे म्हणजे कटकट मिटली. येथें उन्हाचा विचार करावयास हवा. पितळेचा एक मीटर रूळ एक अंश उष्णता वाढली कीं मिलिमीटराच्या सुमारें पन्नासाव्या भागानें लांबतो. ही वाढ दिसावयास क्षुल्लक आहे. पण पौषांतील पहाटे दहा अंशांवर असलेला रूळ वैशाखांतील दुपारीं साठ अंशांपर्यंत तापला, तर पन्नास अंशांच्या फरकानें बारा मीटरांची सरळ ओळ अकरा मिलिमीटरांहून अधिक वाढते. तिला जागा मिळाली नाहीं तर ती सापासारखी वांकडी होते. म्हणून रूळ कचेंत मोकळे असावे आणि प्रत्येक जोडापाशीं थोडी फट ठेवावी.

चढाविषयीं एक हिशेब सांगतों. इंजिन अडीच किलोग्रॅम व डबे तीन किलोग्रॅम मिळून साडेपांच किलोग्रॅम वजन झालें. पंचवीसास एक चढावर या वजनाचा पंचविसावा भाग, म्हणजे २२० ग्रॅमांचा भार, गाडीला मागें ओढतो. याशिवाय चाकांचें घर्षण आहे आणि वळणाचें घर्षण आहे. कोरड्या रुळावर इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या सुमारें पंचमांश धरावी, म्हणजे ती ५०० ग्रॅमांची झाली. कोरड्या हवेंत गाडी चढेल. ओल्या रुळावर पकड घटली कीं चाकें जागच्या जागीं फिरतील. माथेरानच्या घाटांत वीसास एक इतका चढ आहे म्हणून आपणहि तसाच ठेवावा, हा मोह टाळावा. पन्नासास एक चढ घरच्या गाडीला पुरे.

आतां मुख्य प्रश्न शक्तीचा. तिचे मार्ग तीन : रुळांतून वीज, इंजिनांत ठेवलेली बॅटरी, आणि खरी वाफ.

पहिल्या रीतींत प्रवाह एका रुळांतून इंजिनाच्या चाकांत शिरतो, मोटरींतून फिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळांत उतरून परत येतो. म्हणून दोन्ही बाजूंचीं चाकें एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनें अलग ठेवलेलीं असतात. प्रवाहाची दिशा उलटली कीं गाडी मागें चालते. दाब वाढविला कीं वेग वाढतो. आणि प्रवाहाची वाट कोठेंहि तुटली कीं गाडी उभी राहते. ग्वाल्हेरच्या मेजावरील सुरई उचलल्यावर काय होत असेल, याचा तर्क श्रोत्यांना आतां करतां येईल.

येथें एक नियम असा आहे कीं ज्याला अपवाद नाहीं. घरची २३० व्होल्ट दाबाची वीज उंबरठ्याबाहेर जातां कामा नये. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर व प्रवाह एकदिश करणारें साधन घरांत, कोरड्या जागीं ठेवावें. बाहेर जाणाऱ्या तारेंत २४ व्होल्टांहून अधिक दाब नसावा. ट्रान्सफॉर्मरचीं दोन वेटोळीं परस्परांपासून पूर्णपणें अलग असावींत. एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. त्यांत दाब कमी झालेला दिसतो, पण घरच्या विजेशीं असलेला थेट संबंध सुटत नाहीं. शिवाय ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारें संरक्षक बटण घराच्या वीजपेटींत बसवून घ्यावें. अनवाणी पाय, ओली माती आणि लहान मूल ज्या ठिकाणीं एकत्र येतात, तेथें काटकसरीला जागा नाहीं. शक्तीचें मान तसें फार नाहीं. २४ व्होल्ट व दोन अँपिअर मिळून ४८ वॅट होतात. छताच्या साध्या पंख्यालाहि याहून अधिक लागते.

यापुढची तक्रार सर्वांची एकच असते : गाडी घराजवळ जोरांत धांवते आणि बागेच्या टोकाला रेंगाळते. दोष रुळाचा नसून जोडांचा असतो. जाड पितळी रुळांतून पंधरा मीटर जाऊन परत येण्यांत दोन अँपिअरांना अर्ध्या व्होल्टाचीहि तूट येत नाहीं. परंतु रुळांचे तुकडे तीस सेंटिमीटरांचे असतील, तर जातांयेतां मिळून शंभर जोड होतात. मळलेल्या प्रत्येक जोडाचा रोध ओहमाचा विसावा भाग धरला, तरी एकंदर पांच ओहम झाले आणि २४ पैकीं १० व्होल्ट जोडांनींच खाल्ले. उपाय उघड आहे. रुळाचे तुकडे लांब घ्यावे, जोडांना स्क्रूनें आंवळणाऱ्या पकडी लावाव्या आणि घरांतून तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार नेऊन दर चारपांच मीटरांवर दोन्ही रुळांना जोडावी. दहा मीटर अंतरावर त्या तारेंत केवळ अर्धा व्होल्ट जातो.

आणखी एक फसवी जागा आहे. गाडी वळसा घेऊन आल्या मार्गानेंच परत जावी, अशी फांसासारखी रचना अनेकांना आवडते. पण बोटानें रूळ गिरवून पाहा : वळशाच्या शेवटीं डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो आणि प्रवाह मोटरींत न जातां आडवाटेनें परत फिरतो. तसा वळसा हवाच असेल, तर त्याचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना मुख्य मार्गापासून तोडून त्याला वेगळी वीज द्यावी. साधा वाटोळा किंवा लंबवर्तुळ मार्ग घेतला तर ही अडचणच उद्भवत नाहीं.

दुसरी रीति बॅटरीची. लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आणि हातांतून बिनतारी संदेशानें वेग बदलण्याचीं साधनें आतां मिळतात. इंजिनांत किंवा पाठच्या डब्यांत बॅटरी ठेवली कीं रूळ केवळ रूळच राहतात. जोडांचा रोध, फांसाची अडचण, पितळेवर चढणारा काळा थर, सगळें मिटतें. पांच अँपिअर-तासांची बॅटरी एक अँपिअर प्रवाह घेणारी गाडी चार तास सहज चालवील. आषाढांत गोगलगायी रात्रीं रुळांवरून फिरून चिकट रेघ ठेवून जातात, ती मात्र याहि रीतींत पुसावी लागते, नाहीं तर चाकें घसरतात. बॅटरी उन्हांत तापूं देऊं नये, फुगलेली वापरूं नये आणि कोणी जवळ नसतां भरावयास लावूं नये.

तिसरी रीति वाफेची. टीचभर तांब्याच्या बाष्पपात्राखालीं स्पिरिट किंवा ब्यूटेन वायु जाळून चौरस इंचास सुमारें ४० पौंड दाबाची वाफ करतात, आणि एका भरणींत गाडी अर्धा तासपर्यंत धांवते. तिचा फुत्कार व तापल्या तेलाचा वास यांची सर विजेला नाहीं. परंतु हें खेळणें नव्हे. पात्रांतलें पाणी आटूं देऊं नये, संरक्षक झडप प्रत्येक वेळीं तपासावी आणि विहिरीचें जड पाणी न वापरतां मृदु पाणी घालावें, म्हणजे आंत क्षार धरत नाहींत. पुष्कळ वाफेच्या इंजिनांचीं चाकें अलग केलेलीं नसतात. तसलें इंजिन वीज चालू असलेल्या रुळांवर ठेवलें तर दोन्ही रूळ एकमेकांस जोडले जातील, हेंहि ध्यानांत असावें.

मग निवड कोणती? ज्याला संध्याकाळीं येऊन बटण दाबतांच गाडी हवी आहे आणि रूळ पुसण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें रुळांतून वीज द्यावी. ज्या घरीं लहान मुलें आहेत, पाऊस दांडगा आहे व झाडें पानें ढाळतात, तेथें बॅटरी उत्तम. वाफ मोठ्या माणसानें, स्वतःच्या देखरेखीखालीं.

हौसेला मोल नाहीं असें म्हणतात. तरी इंजिनाला आहे, आणि तें पुष्कळ आहे. म्हणून आरंभ इंजिनापासून करूं नये. यंदां दिवाळीनंतर चर खणावा, मुरूम भरावा, रुळांचे चारदोनच तुकडे बसवावे आणि बाजूला दूर्वा लावाव्या. मुलांकडून उतार मोजवून घ्यावा, फटी मोजवून घ्याव्या. मग एक पावसाळा त्यावरून जाऊं द्यावा. नवरात्राच्या सुमारास पाणी ओसरल्यावर पाणसळ ठेवून पाहावी. रूळ खचले असतील तर नुकसान मुरमाच्या दोन पाट्यांचें झालें. जागच्या जागीं असतील, तर इंजिन खुशाल विकत आणावें.