अमेरिकेतील स्थलांतर-सुधारणा आणि ‘क्षमादाना’चा वाद : पक्षीय व्यूहनीती व लोकचर्चा (१९८६ ते २०२५)

प्रस्तावना :

परवानगीशिवाय देशात आलेल्या, परंतु वर्षानुवर्षे तेथेच राबून, संसार थाटून स्थिरावलेल्या माणसांबाबत राज्यसंस्थेने कोणती भूमिका घ्यावी, हा आधुनिक लोकशाहीपुढील एक जटिल प्रश्न आहे. कायद्याचे पालन आणि मानवी वास्तव यांची ओढाताण या प्रश्नात ठळकपणे दिसते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार त्या देशातील अनधिकृत स्थलांतरितांची संख्या १९९० मध्ये सुमारे ३५ लाख, २००७ मध्ये सुमारे १ कोटी २२ लाख आणि २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख होती. असे असूनही त्यांना मोठ्या प्रमाणावर कायदेशीर दर्जा देणारा शेवटचा कायदा १९८६ मध्ये संमत झाला. त्यानंतरच्या सुमारे चार दशकांत अनेक विधेयके आली, त्यांपैकी काहींना एका सभागृहात भरघोस बहुमतही मिळाले. परंतु एकही व्यापक विधेयक कायद्यात रूपांतरित झाले नाही. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. ‘क्षमादान’ या संज्ञेचा कायदेशीर व राजकीय अर्थ स्पष्ट करणे.
२. १९८६ च्या कायद्याची रचना व परिणाम समजून घेणे.
३. रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांच्या व्यूहनीतीचे विवेचन करणे.
४. या कोंडीचे प्रत्यक्ष माणसांवर, विशेषतः भारतीय स्थलांतरितांवर होणारे परिणाम पाहणे.

‘क्षमादान’ : संज्ञा आणि संभ्रम

क्षमादान म्हणजे विशिष्ट वर्गाने केलेल्या कायदाभंगाबद्दल राज्याने सामूहिकरीत्या दिलेली माफी. महाराष्ट्रातील वाचकाला ‘अभय योजना’ हा शब्द परिचित आहे. थकीत कर वा मुद्रांक शुल्क भरणाऱ्यांना दंडात सवलत देणाऱ्या अशा योजना जाहीर झाल्या की, वेळेवर कर भरणारा नागरिक ‘मग आम्ही नियम पाळून काय मिळवले?’ असा प्रश्न विचारतो. झोपडपट्टीवासीयांच्या संरक्षणासाठी ठरविलेली १ जानेवारी १९९५ ही मुदत पुढे १ जानेवारी २००० पर्यंत वाढविली गेली, तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला. अमेरिकेतील क्षमादानविरोधी युक्तिवादाचा गाभा याहून वेगळा नाही. एकदा माफी दिली की पुढच्या माफीची अपेक्षा निर्माण होते आणि रांगेत उभे राहणाऱ्यावर अन्याय होतो, असे विरोधक म्हणतात. या आक्षेपाला केवळ द्वेषमूलक ठरवून बाजूला सारणे योग्य होणार नाही.

समर्थकांचा युक्तिवाद असा की, दंड, थकीत कर, गुन्हेगारी पूर्वेतिहासाची तपासणी आणि दीर्घ प्रतीक्षा या अटी घातल्यास ती माफी राहत नाही. ते ‘कमावलेले नियमितीकरण’ ठरते. म्हणजेच एकाच तरतुदीला एक पक्ष ‘क्षमादान’ म्हणतो, तर दुसरा ‘नागरिकत्वाचा मार्ग’. ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ की ‘कागदपत्रे नसलेले’, हा शब्दवादही याच स्वरूपाचा आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेतून ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ हा प्रयोग वगळला, तेव्हा त्या निर्णयावरही राजकीय वाद झाला.

विशेष म्हणजे या शब्दाला आरंभी आजच्याइतका कलंक नव्हता. रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८४ च्या निवडणुकीतील जाहीर वादचर्चेत, देशात मुळे रुजविलेल्यांना क्षमादान देण्याच्या कल्पनेला उघड पाठिंबा दिला होता. पुढे त्याच पक्षात हा शब्द निषेधाचा कसा झाला, हे समजण्यासाठी १९८६ च्या कायद्याकडे वळणे आवश्यक आहे.

१९८६ चा कायदा : तडजोड आणि तिचे अपयश

‘स्थलांतर सुधारणा व नियंत्रण कायदा’ हा सिनेटर ॲलन सिम्पसन (रिपब्लिकन) आणि प्रतिनिधी रोमानो मॅझोली (डेमोक्रॅट) यांच्या प्रयत्नांतून साकारला. प्रतिनिधिगृहात तो २३८ विरुद्ध १७३, तर सिनेटमध्ये ६३ विरुद्ध २४ मतांनी संमत झाला. रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. त्याचे दोन प्रमुख भाग होते. पहिला, १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून सलग वास्तव्य असणाऱ्यांना आणि विशिष्ट शेतमजुरांना कायदेशीर दर्जा. दुसरा, जाणूनबुजून अनधिकृत व्यक्तीला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड.

पहिल्या भागाची अंमलबजावणी झाली आणि सुमारे २७ लाख व्यक्तींना कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला. दुसरा भाग मात्र कागदावरच राहिला. मालकाने कागदपत्रे पाहिली म्हणजे त्याची जबाबदारी संपे. ती खरी की बनावट, हे पडताळण्याची सक्षम यंत्रणा नव्हती. शिवाय शेती, बांधकाम, हॉटेल यांसारख्या क्षेत्रांतील मजुरांची मागणी भागविण्यासाठी कायदेशीर प्रवेशाची पुरेशी सोय कायद्यात नव्हती. पुढील वर्षांत सीमा अधिक कडक झाली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी दाखविल्याप्रमाणे, पूर्वी हंगामापुरते येऊन परत जाणारे मेक्सिकन मजूर, परतीचा प्रवास धोकादायक व खर्चिक झाल्यामुळे अमेरिकेतच स्थायिक होऊ लागले.

या अनुभवातून दोन परस्परविरोधी धडे घेतले गेले. विरोधकांनी निष्कर्ष काढला की, ‘माफी आधी मिळते आणि अंमलबजावणी कधीच होत नाही.’ समर्थकांच्या मते दोष माफीचा नसून अर्धवट रचनेचा होता. त्यामुळे पुढील प्रत्येक विधेयकात ‘आधी काय?’ हा क्रमाचा प्रश्न कळीचा ठरला.

पक्षीय भूमिकांचे स्थित्यंतर

रिपब्लिकन म्हणजे स्थलांतरविरोधी आणि डेमोक्रॅट म्हणजे स्थलांतरवादी, हे आजचे समीकरण ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे आहे. रिपब्लिकन पक्षात उद्योजकांचा गट मजुरांच्या उपलब्धतेसाठी अनुकूल होता, तर डेमोक्रॅटिक पक्षातील कामगार संघटनांना वेतन घसरण्याची भीती वाटे. कामगारांच्या एएफएल-सीआयओ या महासंघाने १९८६ मध्ये मालकांवरील दंडाला पाठिंबा दिला होता. फेब्रुवारी २००० मध्ये मात्र त्याने भूमिका बदलून क्षमादानाची मागणी केली. दुसरीकडे, १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात अनधिकृत स्थलांतरितांना सार्वजनिक सेवा नाकारणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांच्या पाठिंब्याने जनमताने संमत झाला. न्यायालयाने तो रोखला, तरी त्यानंतरच्या काळात त्या राज्यातील लॅटिनो मतदार रिपब्लिकन पक्षापासून दुरावले.

कोंडीची व्यूहनीती : काही प्रसंग

डिसेंबर २००५ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या सेन्सेनब्रेनर विधेयकात अनधिकृत वास्तव्यालाच गंभीर गुन्हा ठरविले होते. खुद्द विधेयकाच्या प्रवर्तकांनी हा गुन्हा सौम्य करण्याची दुरुस्ती मांडली. परंतु बहुसंख्य डेमोक्रॅट सदस्यांनी तिच्या विरोधात मत दिले. विधेयक जितके कठोर तितके ते पाडणे सोपे, हा त्यामागील हिशेब मानला जातो. या विधेयकाच्या निषेधार्थ २००६ च्या वसंतात अनेक शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले. मे २००६ मध्ये सिनेटने ६२ विरुद्ध ३६ मतांनी व्यापक सुधारणा विधेयक संमत केले. प्रतिनिधिगृहाने ते विचारातच घेतले नाही. त्या वर्षी कायदा झाला तो केवळ सुमारे ७०० मैलांच्या कुंपणाचा.

२००७ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या पाठिंब्याने आलेल्या विधेयकात, हंगामी मजुरांची योजना पाच वर्षांनी संपुष्टात आणणारी दुरुस्ती ४९ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाली. तिला कामगारहिताच्या नावाने डेमोक्रॅटांनी आणि विधेयक खिळखिळे करण्यासाठी काही रिपब्लिकनांनी मते दिली. पुढे २८ जून २००७ रोजी चर्चा संपविण्याचा प्रस्ताव ४६ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला गेला. विरोध करणाऱ्यांत पंधरा डेमोक्रॅटही होते. डिसेंबर २०१० मध्ये, बालपणी आणल्या गेलेल्या तरुणांसाठीचे ‘ड्रीम’ विधेयक सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मतांवर अडले. आवश्यक मते होती ६०, आणि पाच डेमोक्रॅटांनी विरोधात मत दिले होते.

२०१२ च्या पराभवानंतर रिपब्लिकन राष्ट्रीय समितीच्या मार्च २०१३ मधील आत्मपरीक्षण अहवालाने व्यापक स्थलांतर-सुधारणेची शिफारस केली. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी विधेयक संमत केले. १४ रिपब्लिकन त्याच्या बाजूने होते. नागरिकत्वासाठी साधारण १३ वर्षांची प्रतीक्षा, दंड, थकीत कर आणि सीमारक्षकांची संख्या जवळपास दुप्पट करण्याची तरतूद त्यात होती. तरीही सभापती जॉन बेनर यांनी ते प्रतिनिधिगृहात मतदानास घेतले नाही. कारण आपल्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा नसलेले विधेयक पटलावर आणू नये, असा अलिखित संकेत होता. जून २०१४ मध्ये रिपब्लिकन बहुमतनेते एरिक कँटर पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले. प्रतिस्पर्ध्याने त्यांच्यावर क्षमादानाचे समर्थन केल्याचा आरोप केला होता. इतर सदस्यांनी यातून योग्य तो बोध घेतला.

फेब्रुवारी २०२४ मधील प्रसंग आणखी बोलका आहे. रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष किर्स्टन सिनेमा यांनी तयार केलेल्या विधेयकात अनधिकृत रहिवाशांच्या व्यापक नियमितीकरणाची तरतूदच नव्हती. भर होता तो सीमानियंत्रणावर. तरीही डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याला जाहीर विरोध केला आणि ते ४९ विरुद्ध ५० मतांवर रखडले. निवडणुकीच्या वर्षात प्रश्न सुटण्यापेक्षा तो शिल्लक राहणे अधिक लाभदायक, हे गणित येथे स्पष्ट दिसते.

लोकमत आणि प्रतिनिधित्व यांतील अंतर

कोंडीचे कारण लोकमतातील फूट आहे, असे मानले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. गॅलप संस्थेच्या पाहणीत स्थलांतर कमी व्हावे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण २०२४ मध्ये ५५ टक्के होते. २०२५ मध्ये ते ३० टक्क्यांवर आले. परंतु अनधिकृत रहिवाशांना अटींसह नागरिकत्वाची संधी द्यावी, यास २०२४ मध्ये सुमारे ७० टक्के आणि २०२५ मध्ये ७८ टक्के लोक अनुकूल होते. म्हणजे नवीन प्रवेशाबाबतचे मत परिस्थितीनुसार हेलकावे खाते, तर जुन्या रहिवाशांबाबतचे मत बरेच स्थिर आहे. मात्र उमेदवाराचे भवितव्य प्राथमिक निवडणुकीतील थोड्या, परंतु आग्रही मतदारांच्या हाती असते. त्यात सिनेटमधील ६० मतांचा दंडक जोडला की, बहुमताची इच्छा कायद्यापर्यंत पोहोचत नाही.

भारतीय संदर्भ

हा वाद केवळ लॅटिन अमेरिकेपुरता नाही. २०२२ साठी प्यू केंद्राने अमेरिकेतील अनधिकृत भारतीयांची संख्या सुमारे सव्वासात लाख मानली, तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ती सुमारे २ लाख २० हजार धरली. मोजणीच्या पद्धतीनुसार चित्र किती बदलते, हे यावरून ध्यानात येते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसर येथे परत पाठविलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातील तिघेही होते.

कायदेशीर मार्गाने गेलेल्यांचीही याच कोंडीत फरफट होते. रोजगाराधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे पुणे, मुंबई वा नागपूरहून एच-वन-बी व्हिसावर गेलेला अभियंता दशकानुदशके प्रतीक्षेत राहतो आणि त्याच्या मुलांचा आश्रित दर्जा २१ व्या वर्षी संपतो. २०१३ च्या विधेयकात ही मर्यादा रद्द होणार होती. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने आणि २०२० मध्ये सिनेटने ती हटविणारी स्वतंत्र विधेयके संमत केली. परंतु दोहोंचा मेळ बसला नाही. ‘रांगेतल्यांवर अन्याय’ हा क्षमादानविरोधातील प्रमुख मुद्दा असला, तरी ती रांग लहान करणारी सुधारणाही याच वादात अडकून पडली आहे.

निष्कर्ष :

१. ‘क्षमादान’ ही मूळची कायदेशीर संज्ञा पुढे पक्षीय शस्त्र बनली. त्यामुळे तरतुदींच्या गुणदोषांऐवजी नावावरच चर्चा केंद्रित झाली.

२. १९८६ च्या कायद्यातील अंमलबजावणीच्या अपयशाने जो अविश्वास निर्माण केला, तो पुढील सर्व तडजोडींच्या मुळाशी आहे.

३. कोंडीची जबाबदारी एका पक्षाची नाही. रिपब्लिकन पक्षातील अंतर्गत दबाव निर्णायक ठरला असला, तरी डेमोक्रॅटांनीही वेळोवेळी प्रश्न जिवंत ठेवण्यात लाभ पाहिला.

४. विधिमंडळ निष्क्रिय राहिल्याने निर्णय कार्यकारी मंडळ व न्यायालयांकडे गेले. जून २०१२ मध्ये सुरू झालेली बालपणी आलेल्यांसाठीची ‘डाका’ योजना हे त्याचे उदाहरण. तिच्यासाठी १५ जून २००७ पूर्वीपासूनचे वास्तव्य आवश्यक असल्याने, त्यानंतर आणली गेलेली मुले आज महाविद्यालयात पोहोचली तरी तिच्या कक्षेबाहेरच आहेत.

समारोप :

लोकशाहीत मतभेद असणे स्वाभाविक आहे. किंबहुना ते आवश्यकही आहेत. परंतु मतभेद सोडविण्यापेक्षा ते टिकविण्यातच राजकीय भांडवल दिसू लागले की, त्याची किंमत मतदानाचा अधिकार नसलेल्यांना मोजावी लागते. अमेरिकेतील चार दशकांचा अनुभव हेच सांगतो. मुदतीच्या तारखा, नियमितीकरण आणि माफीच्या योजना आपल्याकडेही वारंवार जाहीर होतात. अशा प्रत्येक वेळी ‘माफी द्यावी की नाही’ या प्रश्नाइतकाच, ‘माफीनंतरची व्यवस्था कोण आणि कशी राबविणार’ हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे. १९८६ मध्ये तो पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही, आणि त्याचेच परिणाम अमेरिकेतील आजची पिढी भोगत आहे.