जुन्या मोटारीचें दुखणें : कार्ब्युरेटर कीं ठिणगी?



मोटार अडून बसली कीं दोष कार्ब्युरेटरवर ढकलावयाचा, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. मिस्त्री येतो, कार्ब्युरेटर उघडतो, पुसून पुन्हां बसवितो व पैसे घेऊन जातो. चार दिवसांनीं दुखणें पुन्हां हजर! कारण पुष्कळदां तें कार्ब्युरेटरांत नसतेंच. तें ठिणगींत असतें. या दोहोंतील भेद कसा ओळखावा व दुरुस्तीचा क्रम कसा ठेवावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

उदाहरणासाठीं आपल्या परिचयाचीच गाडी घेऊं. मुंबईस कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यांत फियाट ११०० जातीची गाडी तयार होत असे. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचें उत्पादन बंद पडून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. तथापि कित्येक घरांत वडिलांची आठवण म्हणून ती अद्याप जपलेली आहे. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें. त्यांत आजच्या गाड्यांप्रमाणें संगणक नाहीं. जें आहे तें डोळ्यांना दिसतें व हातांनीं नीट करतां येतें.

इंजिनास तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि योग्य क्षणीं ठिणगी. मिश्रण करणें हें कार्ब्युरेटरचें काम. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. ठिणगीचें काम डिस्ट्रिब्यूटरकडे. त्यांतील दोन ‘पॉइंट’ एकमेकांस टेकलेले असतात तोंवर कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. ते विलग होतांच प्रवाह तुटतो, कॉइलमध्यें हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, आणि प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटण्यानें नव्हे, उघडण्यानें पडते. हें पक्कें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन यावर उभें आहे.

मिश्रण पेटून फुलावयास थोडा वेळ लागतो; म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. त्यांतील दहा अंशांचें अंतर म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून किंचित् अधिक काळ! इतक्या सूक्ष्म वेळेचा हा हिशेब आहे. ठिणगी उशिरां पडली, तर गाडी मंद होते, तापते व पेट्रोल अधिक पिते. फार लवकर पडली, तर खंडाळ्याच्या घाटासारख्या चढावर इंजिनांत खटखट ऐकूं येते. ही खटखट दुर्लक्षूं नये; तिनें दट्ट्यास भोंक पडल्याचीं उदाहरणें आहेत.

आतां निदान. धांवती गाडी बटण दाबावें तशी एकाएकीं बंद पडली, तर संशय विजेवर घ्यावा. खोकत, धक्के देत, हळूहळू बंद पडली, तर पेट्रोलवर. नंतर प्लग काढून पाहावे. तोंड फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक; पांढरें पडलें असेल तर पेट्रोल कमी. ओलें असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोंचतें आहे, पण एकतर तें अति येतें किंवा ठिणगी पडत नाहीं.

दुरुस्तींत विजेचा मान पहिला. पॉइंट काळे पडून त्यांवर खड्डे झाले असतील तर बदलावे; नवे पॉइंटही लवकर जळूं लागले तर कंडेन्सर बदलावा. मग पॉइंट पूर्ण उघडे असतांना फीलर गेजनें फट मोजावी. ती सुमारें ०.४५ मिलिमीटर असावी. ही फट आधीं व टायमिंग नंतर, असा क्रम कां? पॉइंटाची टाच घासून फट कमी झाली कीं ते उशिरां उघडतात व ठिणगी मागें पडते. फट वाढली कीं ती पुढें येते. म्हणून आधीं टायमिंग लावून मग फट बदलणें म्हणजे केलेलें काम मोडणें होय.

टायमिंगसाठीं बारा व्होल्टांचा एक लहान दिवा पुरतो. एक तार डिस्ट्रिब्यूटरकडे येणाऱ्या कॉइलच्या तारेस व दुसरी इंजिनाच्या लोखंडास जोडावी. पहिल्या सिलिंडरांत दाबाचा फेरा चालू असतां इंजिन हातानें, त्याच्या नेहमींच्या दिशेनें फिरवून पुस्तकांत दिलेल्या खुणेवर आणावें. किल्ली चालू करून, डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा सैल करून तो हळूहळू फिरवावा. ज्या क्षणीं दिवा पेटेल, त्या क्षणीं पॉइंट उघडले. तेथेंच पट्टा आंवळावा.

एवढें झाल्यावरच कार्ब्युरेटरकडे वळावें. गाडी वेगांत चांगली, पण उभी असतां बंद पडत असेल, तर मंद चालीचें जेट तुंबलेलें असावें. पेडल दाबतांच अडखळत असेल, तर आंतील पंप पाहावा. पेट्रोल बाहेर सांडत असेल, तर तरंड्यास छिद्र पडलें आहे काय किंवा त्याच्या सुईखालीं कचरा आहे काय, तें पाहावें. जेट हवेनें फुंकून साफ करावें. त्यांत तार कधींही घालूं नये, कारण पितळेचें छिद्र वाढलें कीं मिश्रण कायमचें बिघडतें. कार्ब्युरेटरखालील गॅस्केटमधून फाजील हवा शिरते काय, हें साबणाचें पाणी लावून कळतें. पाणी लागतांच चाल बदलली तर तेथें गळती आहे. शेवटीं इंजिन गरम असतां मिश्रणाचा स्क्रू दोन्ही दिशांनीं थोडथोडा फिरवून, चाल सर्वांत वेगवान व एकसारखी होईल तेथें ठेवावा.

अलीकडे पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. जुन्या रबरी नळ्या त्यानें कमकुवत होतात, आणि त्यांतील प्राणवायूमुळें मिश्रण पातळ होतें. म्हणून नळ्यांकडे वरचेवर लक्ष ठेवावें.

दोन इशारे शेवटीं देतों. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो प्राण घेतो. आणि पेट्रोल सांडलें असतां ठिणगीची परीक्षा करूं नये. एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत टिपावा, गाडी चालवून पाहावी, मगच पुढचा बदल. असें केल्यास मिस्त्र्याचे फेरे कमी होतील, आणि वडिलांनीं हौसेनें घेतलेली गाडी आपल्या नातवंडांसही बसावयास मिळेल.