सुवचनांचा संग्रह आणि स्वतंत्र विचार : सॉफ्टवेअर व व्यवस्थापन क्षेत्रांतील तीन उदाहरणे

प्रस्तावना :
शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सॉफ्टवेअर व व्यवस्थापन या क्षेत्रांतही विचारप्रवर्तक वचने संग्रहित केली जातात. दीर्घ अनुभवाचे सार एका वाक्यात मिळणे, हे अशा संग्रहाचे मोल होय. तथापि संदर्भापासून तुटलेले वचन विचाराला चालना देण्याऐवजी विचार थांबवते. प्रस्तुत लेखात तीन प्रसिद्ध वचनांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

१) ब्रुक्स यांचा नियम :
फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीच्या निर्मितीचे व्यवस्थापन केले. त्या अनुभवावर आधारित ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढविल्यास तो अधिकच रखडतो, असा त्यांचा नियम आहे. नव्या माणसांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो, तसेच परस्परसंपर्कही वाढतो. ५ व्यक्तींमध्ये संपर्काच्या १० जोड्या होतात, तर १० व्यक्तींमध्ये ४५. मात्र आपण अतिसुलभीकरण करीत आहोत, हे स्वतः ब्रुक्स यांनीच नमूद केले होते. ही कबुली संग्रहात क्वचितच उतरते.

२) नूथ यांचे विधान :
प्रोग्राम अधिक वेगवान करण्याचा अकाली खटाटोप अनर्थाला कारण ठरतो, या आशयाचे डोनाल्ड नूथ यांचे विधान १९७४ च्या एका शोधनिबंधात आहे. सुमारे ९७ टक्के वेळा वेगातील किरकोळ लाभांकडे दुर्लक्ष करावे, असे ते सांगतात. परंतु उरलेल्या ३ टक्के महत्त्वाच्या ठिकाणी संधी दवडू नये, असेही लगेच बजावतात. उत्तरार्ध गाळला की हेच विधान निष्काळजीपणाचे समर्थन बनते.

३) डेमिंग यांच्या नावावरील वचन :
जे मोजता येत नाही त्याचे व्यवस्थापन करता येत नाही, हे वचन डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. वस्तुतः १९९३ च्या ‘द न्यू इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात त्यांनी हा समज चुकीचा व महागात पडणारा ठरविला आहे. येथे अर्थ नुसता बदललेला नाही, तो पूर्णपणे उलटला आहे. अशा वचनाच्या आधारे लिहिलेल्या ओळी मोजून प्रोग्रामरचे मूल्यमापन झाले, तर सुबोध व नेटका प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच अन्याय होतो.

समारोप :
यावरून संग्राहकाने प्रत्येक वचनासोबत मूळ ग्रंथ, वर्ष, मागचे-पुढचे विधान, त्यामागील कारण व अपवाद यांची नोंद करणे आवश्यक ठरते. त्याखाली स्वतःचा एखादा आक्षेपही लिहावा. अन्यथा स्वतंत्र विचाराच्या नावाखाली ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ हीच वृत्ती जोपासली जाते. वचन हे विचाराचे प्रारंभस्थान आहे, निर्णयाचा पुरावा नव्हे, हे भान असेल तरच असा संग्रह सार्थ ठरतो.